कानात सांगायचं नाव

अकोल्यात एक काळ असा आला होता, की मुलींच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून कुणी ‘यूथिका’ अशी हाक मारली तर तीन-चार पोरी एकदम वळून पाहायच्या. कचेरीतल्या कारकुनांच्या पोरी, एक मास्तरांची, एक कापसाच्या दलालाची. त्यांच्या आया माझ्या नणंदेकडं बोट दाखवून सांगायच्या, हे नाव हिनं शोधून काढलं. नणंद ‘अहो, त्यात काय’ म्हणून मान खाली घालायची. मला वाटायचं, त्याच मानेला धरून विचारावं, कुठं शोधलं बाई, कोणत्या पोथीत? ते नाव माझं होतं. माझं म्हणजे माझ्या पोरीचं. तिला ते मिरवायला मिळालं नाही, म्हणून ते बेवारशी झालं असं सगळ्यांनी परस्पर धरून चालावं, याचा राग मला अजून येतो.

आधी अर्थ सांगते, कारण निम्म्या अकोल्याला तो चुकीचा ठाऊक आहे. यूथिका म्हणजे जुई. बस, एवढंच. ती राणी नाही, देवी नाही, आणि कुठल्या लढाईशी तिचा काडीचा संबंध नाही.

माझं माहेर अमरावतीजवळचं. भातकुलीच्या वाटेवर, शहरातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, मोगरा, आणि विहिरीच्या कडेनं जुईचे मांडव. जुई खुडणं हे घरातल्या पोरींचं काम, कारण त्याला बारीक चिमटी लागते. दिवस कलला की कळी मिटलेली असतानाच ती खुडायची आणि ओल्या फडक्यात ठेवायची. मांडवावरच फुलली की ती बाजाराच्या कामाची राहत नाही. मोठ्या माणसांची बोटं देठासकट पान ओढतात, म्हणून आमची आई त्यांना मांडवाखाली फिरकूही द्यायची नाही.

शाळेला जाताना राजापेठेतल्या एका शास्त्रीबुवांकडं पूजेच्या फुलांचा पुडा पोचवायचा, हे माझ्याकडं होतं. पुडा ओट्यावर ठेवायचा, मागं सरायचं, मग ते येऊन उचलायचे. त्यांना माझी बोटं लागलेली चालत नव्हती. माझ्या बोटांनी खुडलेली फुलं मात्र थेट देवाच्या डोक्यावर जात होती. यात काही वावगं आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही. पुढं पुष्कळ वाटलं. पण माणूस हौशी होता. पुड्यातलं एकेक फूल वर धरून विचारायचे, हे काय? मी म्हणायची जास्वंद. ते म्हणायचे, जपा. कण्हेर, तर करवीर. मोगरा, तर मल्लिका. एक दिवस जुई वर धरली आणि म्हणाले, ‘‘ही यूथिका. यूथ म्हणजे समूह. ही एकटी कधी फुलत नाही, घोसानं येते, म्हणून यूथिका.’’

तो शब्द घोकतच मी शाळेत गेले आणि घोकतच घरी आले. आमच्याकडं पोरींची नावं नद्यांची असत, देवींची असत, नाहीतर ज्या वारी जन्म झाला त्या वाराची. नावाला नाव म्हणून कुणी चव घेऊन पाहिलेली नव्हती. पुढंमागं मला मुलगी झाली तर हेच नाव, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. त्या वयात इतर पोरी बाहुलीचं नाव ठरवतात. मला बाहुली नव्हती.

चौथी झाली, आई गेली, आणि दोनेक वर्षांत माझं लग्न झालं. सासर अकोल्याकडं, बार्शीटाकळीच्या शिवारात. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, आणि बांधावर नजर टाकली तर हौसेनं लावलेलं एक फूल दिसायचं नाही. दीर नव्हते, जावा नव्हत्या. सासूबाई, सासरे, हे, आणि एक नणंद. नणंद माझ्याच वयाची. ती मला ‘तू’ म्हणायची आणि मी तिला ‘बाई’ आणि ‘तुमी’, कारण नणंद ती नणंद. तरी आमचं मेतकूट जमलं होतं. एका ताटात जेवायचो, सासूबाईंच्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. तिचं लग्न अकोल्यातल्या कचेरीत कारकून असलेल्या मुलाशी झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त मी रडले. अकोल्याला गेल्यावर तिची भाषा दोन घरांची झाली. शेजारणींत ‘मला-तुला’, आमच्यात ‘मले-तुले’. मी तिला त्यावरून चिडवायची आणि तिला ते आवडायचं.

आता त्या घरची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडतं. मुलगा झाला तर त्याचं नाव आजोबा ठरवणार, त्यात दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही. मुलगी झाली तर कुणालाच काही पडलेलं नसायचं, म्हणून ते आईवर सोडलेलं. आईनं बारशाआधी नाव फक्त मुलीच्या आत्याच्या कानात सांगायचं, आणि बारशाला आत्यानं ते पाळण्यात बाळाच्या कानात. मधे कुणी नाही. नवऱ्यालाही सांगायचं नाही. आधी तोंडाबाहेर निघालं तर बाळाला दृष्ट लागते, असं सासूबाई म्हणायच्या. मला ही रीत फार आवडली होती. त्या घरात माझ्या एकटीचं असं तेवढंच होतं.

मुलगी झाली. आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंनी केलं, आणि मनापासून केलं. नणंद बारशाच्या चार दिवस आधीच अकोल्याहून आली. खोलीत कुणी नाही असं पाहून माझ्या बाजेशी टेकली आणि म्हणाली, ‘‘सांग आता. कान इकडं हाये.’’

मी सांगितलं. तिला ते पहिल्यांदा म्हणताच येईना. आम्ही दोघी हसत सुटलो. मग तिनं ते दोनतीनदा हळूच म्हणून पाहिलं.

‘‘म्हंजे काय वं?’’

‘‘जुई,’’ मी म्हणाले. ‘‘आमच्या मळ्यात हाये ना, विहिरीवर. तिचं संस्कृत नाव. ते एकटं नसते, घोसानं असते.’’

‘‘आमच्या अकोल्यात बी असं नाव कोणाचं नाई,’’ ती म्हणाली, आणि पोरीच्या कपाळावरून बोट फिरवून तिनं आपल्या कानशिलावर मोडलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा मला कौतुकाशिवाय काही दिसलं नाही. काही होतं का, हे मी नंतर हजारदा आठवून पाहिलं.

बारशाला दोन दिवस असताना पोरीनं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला. बाळंतिणीच्या खोलीत ते दुखणं आलं की काय होतं, हे तेव्हा सगळ्या बायांना माहीत असायचं, म्हणून कुणी मला खोटी आशा दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हे आत आले, तिला फडक्यात गुंडाळून उचललं आणि नाल्याच्या काठी पुरून आले. पाळणा शेजारच्यांचा आणला होता, तो परत गेला. सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘‘बारसं नव्हतं झालं, हे बरं झालं. नाव असतं तर जास्त लागलं असतं.’’ त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. गावातल्या बायाही येऊन तेच म्हणून गेल्या. नाव नाही म्हणजे माणूस नाही, मग रडायचं तरी कुणाच्या नावानं. मला कुणी विचारलं नाही की तू काय ठरवलं होतंस. ते एका नणंदेलाच ठाऊक होतं, आणि तीही विषय काढत नव्हती. मला वाटायचं, माझ्यासाठी ती मूग गिळून आहे.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. आमच्याकडं एक बाळ गेलेलं, म्हणून बाळंतपण अकोल्यातच केलं. आम्ही दमणीला बैल जुंपून बारशाला अकोल्याला गेलो. मी जाणार नव्हते, सासूबाई म्हणाल्या, मामी नाही आली तर वाईट दिसते. गेले. मन घट्ट केलं, नवं लुगडं नेसले, बाळंतविडा नेला. टोपडं मी स्वतः शिवलं होतं.

कारकुनांच्या त्या चाळीसारख्या घरांतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. पाळण्याची एक बाजू मला धरायला दिली. पाळण्याखालून-वरून वरवंटा फिरवून झाला, बाळाला पाळण्यात घातलं. त्या बाळाची आत्या, म्हणजे नणंदेची नणंद, पाळण्यात वाकली. बायांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला. ती सरळ झाली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘‘यूथिका.’’

मी पाळण्याची दोरी सोडली नाही. एवढं मला नक्की आठवतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बाळ आत होतं, म्हणून दोरी धरून राहिले. नणंदेकडं पाहिलं. ती बाळाच्या दुपट्याचं टोक सारखं सरळ करत होती. ते सरळच होतं.

‘‘वा, किती वेगळं,’’ बाया म्हणू लागल्या. ‘‘काय अर्थ होतो हो?’’

मला वाटलं, आता तरी जुई म्हणेल. म्हणाली असती, तर कदाचित मी तिथंच विरघळले असते. वाटलं असतं, माझ्या पोरीची आठवण म्हणून ठेवलंय, सांगायचं राहून गेलं. पण ती शेजारणींच्या भाषेत म्हणाली, ‘‘पुराणातलं आहे. युद्ध जिंकणारी एक राणी होती, तिचं.’’ जुई सांगितलं असतं तर फुलं आली असती, फुलं आली असती तर मळा, आणि मळ्यामागून मी. म्हणून तिनं अर्थच बदलून टाकला. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं. घुगऱ्या खाल्ल्या, मुलीच्या हातावर पैसा ठेवला, आणि दमणीत येऊन बसले. वाटेत हे म्हणाले, ‘‘चांगलं झालं बारसं.’’ मी म्हणाले, हो. मला वाटलं, ह्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नाही, तर बहीण-भावात कशाला विष कालवा.

मग ते नाव सुटलंच. आधी त्याच आळीत एक झाली, मग कचेरीतल्या हेडक्लार्कच्या नातीचं ठेवलं, आणि साहेबाच्या घरी गेलेलं नाव खालच्यांना हवंच असतं. दोन-चार वर्षांत ते कारकुनांतून मास्तरांत आणि मास्तरांतून व्यापाऱ्यांत गेलं. जिभेवर बसेना, म्हणून कुणी यूथी केलं, कुणी यूथा. अर्थही वाढत गेला. कुणी म्हणे, ती राणी हत्तीवर बसून लढली. कुणी म्हणे, तिनं नवऱ्याचं राज्य परत मिळवलं. एका बाईनं मला हळदीकुंकवात तिची सगळी कथा सांगितली, अगदी तिच्या घोड्याच्या रंगासकट. मी शेवटपर्यंत ऐकली. काय करणार, माझ्याकडं तिच्यासारखी गोष्ट नव्हती, नुसती जुई होती.

मला नंतर दोन मुलगे झाले. त्यांची नावं आजोबांनी ठेवली. मुलगी पुन्हा झाली नाही, आणि झाली असती तरी ते नाव मी तिला दिलं नसतं. एका पोरीचं उतरवून दुसरीला घालायला ते झबलं नव्हतं.

एकदा माहेरी गेले होते, तेव्हा अमरावतीच्या फुलबाजारात आमच्या ओळखीची एक फुलवाली भेटली. मांडीवर जुईचा ढीग, हात गजरा ओवण्यात. लेकीची ख्यालीखुशाली सांगता सांगता म्हणाली, ‘‘नात झाली ना मले. अकोल्याकडचं नाव ठेवलं तिच्या मायनं, नवीन निंगलं ते. यूथिका.’’ आणि मला विचारलं, ‘‘तू शिकली हायेस. म्हंजे काय वं ते?’’

मी तिच्या मांडीकडं बोट केलं. ‘‘हे. जुई.’’

तिनं माझ्याकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं आणि खळखळून हसली. ‘‘जाय वं. जुईच म्हणायचं असतं तर आमाले अकोल्याले काऊन जा लागलं असतं? लढाई जितणारी हाये ते.’’ आणि पुन्हा ओवायला लागली. मीही हसले.

नणंदेची पोर गुणी होती, हे सांगितलंच पाहिजे. तिचा यात काय दोष. सुट्टीत आमच्याकडं यायची, माझ्या मागं मागं फिरायची, माझ्या मुलांपेक्षा तिलाच माझ्या स्वयंपाकाचं कौतुक. मी तिला बाळ म्हणायची, पोरी म्हणायची, नावानं कधी हाक मारली नाही. एकदा भाकऱ्या थापत होते, तर शेजारी बसून म्हणाली, ‘‘मामी, तू मले नावानं काऊन नाई बोलवत?’’ मी म्हणाले, तुझं नाव माझ्या जिभेला जड आहे. ‘‘सोपं करून घे ना मंग,’’ ती म्हणाली. मी तिला तव्यावरची गरम भाकरी दिली. नाव तोंडात आणवेना ते आणवेनाच.

तिचं लग्न ठरलं तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. साखरेची ओढ, रॉकेलची ओढ, आणि रोज कुणाचा तरी पोरगा पलटणीत गेल्याची बातमी. स्थळ चांगलं होतं. मुलाचा मोठा भाऊ आधीच फौजेत गेलेला, त्याची खबर नव्हती. लग्न अकोल्यात झालं. मुलीचं सासरचं नाव ठेवायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले, मुलानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहायचं होतं. नणंदेनं आधीच विहिणीला विनवलं होतं, की नाव बदलू नका, एवढं दुर्मीळ नाव, तेच ठेवा. विहीण ऐकून घेणारी वाटली होती. पण ऐन वेळी तिनं कुणाला तरी अर्थ विचारला, आणि कुणीतरी सांगितला. ती बाई पांढरीफटक झाली. म्हणाली, ‘‘माझा एक गेलाय लढाईत. लढाईचं नाव मी घरात येऊ देणार नाही.’’ आणि मुलाकडून तांदळात एका नदीचं नाव लिहून घेतलं. सगळे टाळ्या वाजवून नव्या नावानं मुलीला हाका मारायला लागले.

नणंद उठून आतल्या कोठीच्या खोलीत गेली. मी तिच्या मागं गेले. धान्याच्या पोत्यावर बसून ती हमसून हमसून रडत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘पाय ना वयनी, माह्या पोट्टीचं नाव नेलं त्यायनं. इतकं चांगलं नाव.’’

इतकी वर्षं मी ब्र काढला नव्हता. लग्नघर होतं, बाहेर मांडवात दोन्हीकडची माणसं होती. मला हे सगळं दिसत होतं, आणि तरी मी बोलले.

‘‘बाई, तुमी जुई सांगतलं असतं तर राहिलं असतं ते नाव. जुईले कोण भेते? तुमी लपवाले गेल्या आन् तेच नडलं. आन् तुमाले आज लागून राहिलं. माह्या पोरीचं तुमी नेलं, तवा मले काय लागलं असन?’’

तिनं डोळे पुसले. तिला वाटत असावं, मी कधीचीच विसरले. मग तिचाही आवाज चढला.

‘‘चोरलं नाई मी. तुह्या पोरीचं ते नाव झालंच कुठी होतं? तिच्या कानात मी बोललीच नाई. आत्या बोलल्याबिगर नाव होते का? आन् मी इचारून घेतलं. दादाले इचारून.’’

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली. मग मी दारात गेले आणि मांडवात पाहुण्यांना विडे देत असलेल्या ह्यांना हाताची खूण केली. ते आले. बहिणीचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि दार लोटून घेतलं.

‘‘बाईनं तुमाले नाव मांगितलं होतं?’’ मी विचारलं.

त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी विश्वास ठेवला असता. पण ते खोटं बोलणारे नव्हते, कधीच नव्हते.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘बारशाच्या आधी मी अकोल्याले पोट्टी पाहाले गेलो, तवा. म्हणे, वयनीनं ठेवलेलं नाव पडून हाये, मी घेऊ का. मी म्हटलं घे. वाया काऊन जाऊ द्यायचं.’’

‘‘कोणतं नाव, ते तरी इचारलं तुमी?’’

‘‘नाई. मले ते पाळण्यापाशीच समजलं.’’

म्हणजे दमणीत माझ्या शेजारी बसून ‘चांगलं झालं बारसं’ म्हणणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक होतं. आपल्या मेलेल्या पोरीचं नाव त्यानं पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाळण्याशी ऐकलं, आणि ऐकूनही घरी येईपर्यंत कापसाचं बोलत राहिला. घरात जास्तीचं लुगडं पडून असावं आणि बहिणीनं मागितल्यावर बायकोला न सांगता काढून द्यावं, तसं त्यानं ते दिलं होतं. इतकी वर्षं मी नणंदेवर दात खाल्ले. ह्यांना मी बिचारे समजत होते.

‘‘वाया नव्हतं गेलं ते,’’ मी म्हणाले. ‘‘तुमी तिले न्याले आत आले, त्याच्या आधी मी बोलली होती तिच्या कानात. आत्या बाहेर होती. म्हणून माय बोलली. ते नाव घेऊनच गेली ते.’’

नणंद पोत्यावरून उठली आणि पुन्हा बसली. बाहेर कुणीतरी ह्यांना हाक मारत होतं, विडे संपले म्हणून. ह्यांनी त्या हाकेकडं लक्ष दिलं नाही. म्हणाले, ‘‘मंग मले काऊन नाई सांगतलं?’’

‘‘तुमी इचारलं कुठी,’’ मी म्हणाले.

ते दार उघडून बाहेर गेले. आम्ही दोघीही तोंड धुऊन मांडवात आलो, कारण मुलीची पाठवणी व्हायची होती. नणंदेशी पुढं वर्षा-दोन वर्षांत माझं पुन्हा जमलं. ती रडली, पाया पडली, आणि खरं सांगायचं तर तिच्या हावरेपणात निदान त्या नावाचं प्रेम तरी होतं. ह्यांच्याशी मी उरलेला सगळा संसार केला, नीट केला, कुणाला काही कळू दिलं नाही. पण तिनं घेतलं हे मी तिला माफ केलं. त्यांनी दिलं, हे नाही.